तलावाच्या पाण्यातले फोटो: छोटा कॅमेरा कसा निवडायचा

पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: १० मीटर, १५ मीटर, ३० मीटर. दुकानदारही आधी तोच सांगतो. समुद्रात बुडी मारणाऱ्यांना त्याची गरज असते. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि शेतातल्या बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, फोटो काढण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक काठाजवळच्या दीड-दोन मीटर पाण्यात असतं. ऊन तेवढ्यापर्यंतच नीट पोचतं, म्हणून पाणवनस्पती तिथेच वाढतात, आणि वनस्पतींच्या आडोशाला माशांची पिल्लं, झिंगे, चतुरांच्या अळ्या, गोगलगायी राहतात. अशा पाण्यासाठी कॅमेरा घेताना दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: लेन्सपासून किती सेंटीमीटरवर फोकस होतो?

फोटो बिघडवतं ते मधलं पाणी. लेन्स आणि मासा यांच्यामध्ये जितकं पाणी जास्त, तितका त्यातला गाळ आणि शेवाळ फोटोत जास्त येतो. कडा मऊ पडतात, रंग फिके होतात, सगळं हिरवट-राखाडी दिसतं. महागडी लेन्स यावर काही करू शकत नाही. मधलं पाणी कमी करायचं, म्हणजे जवळ जायचं, एवढाच उपाय आहे. किती जवळ, हे घरच्या घरी मोजता येतं.

थाळीने पाणी मोजा

एक जुनी थाळी घ्या, वरच्या बाजूला पांढरा ऑइलपेंट लावा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि थाळी आडवी राहावी म्हणून खाली दगड बांधा. दोरीला दर १० सेंटीमीटरवर गाठ मारा. दुपारच्या उन्हात, डोंग्याच्या सावलीच्या बाजूने थाळी हळूहळू सोडा. ती दिसेनाशी झाली ती खोली लक्षात ठेवा. मग वर ओढा आणि पुन्हा दिसू लागली ती खोली बघा. दोन्हींची सरासरी काढा. इटलीतल्या अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली अशीच चकती समुद्रात सोडून पाण्याचा स्वच्छपणा मोजला होता. तळ्यांसाठी आजही २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती वापरतात.

या सरासरीचा तिसरा हिस्सा हे फोटोचं जास्तीत जास्त अंतर धरा. थाळी ६० सेंटीमीटरवर नाहीशी झाली, तर मासा लेन्सपासून २० सेंटीमीटरच्या आत हवा. ३० सेंटीमीटरवरच नाहीशी झाली, तर १० सेंटीमीटर. आता कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकाकडे बघा. ज्याचं फोकस ३० सेंटीमीटरच्या पुढेच सुरू होतं, तो कॅमेरा या पाण्यात उपयोगाचा नाही, मग तो कितीही खोल जाऊ दे.

तलाव आणि महिना निवडणं हाही निम्मा कॅमेरा निवडल्यासारखंच आहे. जुलै ते सप्टेंबर पाणलोटातली माती वाहून येते. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात, त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि आठवडेच्या आठवडे तळाशी बसत नाहीत. दिवाळीनंतर पाणी निवळायला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत चांगलं राहतं. पुढे पाणी आटतं, म्हशी बसतात, गाळ पुन्हा वर येतो. ज्या तलावाच्या तळाशी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती अजून शाबूत आहेत तिथलं पाणी स्वच्छ असतं, कारण मुळं गाळ धरून ठेवतात. गवत्या मासा या वनस्पती खाऊन टाकतो आणि सायप्रिनस हा मासा तळ उकरत फिरतो. या दोघांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) भरपूर सोडलेल्या बोडीत थाळी लवकर दिसेनाशी होते. कोणत्या तलावात काय सोडलं आहे, हे तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. पाणी कुठे निवळ असतं, हेही त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

काच, पाणी आणि झूम

कॅमेऱ्याच्या सपाट काचेतून पाण्यात बघितलं की वस्तू आहे त्यापेक्षा पाव अंतराने जवळ आणि साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्याचा हा परिणाम. त्यामुळे चौकट अरुंद होते: जमिनीवर २५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये जेवढं मावतं, त्याऐवजी पाण्यात ३३ मिलिमीटरच्या लेन्सइतकंच मावतं (हा आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद). म्हणून कॅमेरा घेताना सगळ्यात रुंद टोक २४-२५ मिलिमीटरचं आहे का ते बघा. २८ पासून सुरू होणारा कॅमेरा पाण्यात ३७ चा होऊन बसतो.

झूम पाच पट आहे की दहा पट, याने इथे काहीच फरक पडत नाही. झूम म्हणजे लांबून फोटो, आणि लांबून म्हणजे मध्ये जास्त पाणी. झूम रुंद टोकाला ठेवायचा आणि कॅमेरा पुढे न्यायचा. अगदी बारीक जिवाचा मॅक्रो, म्हणजे खूप जवळून मोठा फोटो, काढताना मात्र थोडा झूम घेऊन कॅमेरा जरा मागे ठेवला तर चालतो, कारण मधलं पाणी तसंही काही सेंटीमीटरच असतं आणि कॅमेऱ्याची सावली त्याच्यावर पडत नाही.

रंगाबद्दल इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले समुद्राचे आहेत. निळ्या समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, म्हणून तिथले लोक लेन्सवर लाल फिल्टर लावतात. आपल्या तलावात शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क असतो. तिथे निळा रंग आधी जातो आणि उरतो हिरवा किंवा चहासारखा तपकिरी उजेड. लाल फिल्टर इथे उलट अपाय करतो: रंग सुधारत नाही आणि आहे तो उजेडही कमी होतो. हिरव्या पाण्यासाठी मजेंटा फिल्टर असतात, पण काठाजवळच्या दोन फूट पाण्यात त्यांचीही गरज नाही. तीच पांढरी थाळी पाण्यात धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, हाताने सेट करायचा. खोली बदलली की पुन्हा करायचा. ही सोय कॅमेऱ्यात आहे का आणि ती दोन-तीन बटणांत होते का, हे दुकानातच करून बघा.

फ्लॅशबद्दल मत स्पष्ट आहे: कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवा. तो लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्याचा उजेड समोरच्या गाळाच्या कणांवर पडून सरळ लेन्समध्ये परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. धुळीच्या रस्त्यावर रात्री गाडीचा हेडलाइट मोठा केला की समोरचं दिसायचं थांबतं, तसंच हे. उजेड हवाच असेल तर छोटी पाण्यात चालणारी एलईडी टॉर्च दुसऱ्या हातात, लेन्सपासून एक-दीड वीत बाजूला आणि तिरकी धरा. उजेड माशावर पडला पाहिजे, मधल्या पाण्यावर नको.

कोणता कॅमेरा

या सगळ्या अटींत आज सगळ्यात नीट बसतो तो ओएम सिस्टिम कंपनीचा टफ टीजी-७. २०२३ साली आला. त्याआधीचा टीजी-६ २०१९ चा, ऑलिंपस नावाने. २०२१ पासून ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला, म्हणून नाव बदललं. दोन्हींची लेन्स सारखीच: २५ ते १०० मिलिमीटर, रुंद टोकाला एफ २ (हा आकडा जितका लहान तितका उजेड आत जास्त). दोन्ही १२ मेगापिक्सेलचे, दोन्ही १५ मीटरपर्यंत बिनहाऊसिंगचे, म्हणजे वेगळ्या पाणबंद खोक्याशिवाय, चालतात, दोन्ही रॉ फाइल (सेन्सरची कच्ची फाइल, जिचे रंग नंतर सुधारता येतात) देतात. खरी कमाल त्यांच्या मायक्रोस्कोप मोडची आहे. लेन्ससमोर १ सेंटीमीटरवरचं फोकस होतं, तेही झूमच्या पूर्ण पल्ल्यात. युट्रिक्युलेरिया या पाण्यातल्या कीटकभक्षी वनस्पतीच्या पिशव्या जेमतेम मिलिमीटरभराच्या असतात आणि एका मिलिसेकंदाच्या आत भक्ष्य ओढून घेतात. अशी पिशवी स्वच्छ पाण्यात चौकटीत मोठी दिसेल असा फोटो याच मोडमध्ये मिळतो. टीजी-७ मध्ये चार्जिंगला यूएसबी-सी आहे, टीजी-६ मध्ये जुनी मायक्रो यूएसबी. फोटोच्या दर्जात फरक नगण्य आहे, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला टीजी-६ स्वस्तात मिळत असेल तर खुशाल घ्या.

उणिवाही माहीत असू द्या. सेन्सर छोटा, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा. उजेड कमी झाला की फोटोत दाणे येतात. आयएसओची, म्हणजे सेन्सरच्या उजेडाच्या संवेदनशीलतेची, वरची मर्यादा ८०० वर बांधून ठेवा, अगदीच नाइलाजाने १६००. शटरचा वेग थेट हाताने ठरवता येत नाही, पूर्ण मॅन्युअल मोड नाही. वेग वाढवायचा तर उजेड वाढवायचा, म्हणजे फोटो सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत, ऊन पाठीशी घेऊन काढायचे. डिसेंबरात विदर्भात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. चार वाजल्यानंतर तो इतका खाली जातो की बराच उजेड पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो.

रिकोचा डब्ल्यूजी-८० दुसरा पर्याय. १४ मीटर, १ सेंटीमीटरचा मॅक्रो आणि लेन्सभोवती सहा छोटे एलईडी दिवे, त्यामुळे अगदी जवळच्या वस्तूवर सावलीशिवाय उजेड पडतो. पण लेन्स एफ ३.५ ने सुरू होते. एफ २ च्या तुलनेत आत येणारा उजेड एक तृतीयांशच, आणि तलावात उजेड हेच भांडवल असतं. चौकटही २८ मिलिमीटरची. निकॉनचा डब्ल्यू ३०० हा ३० मीटरचा कॅमेरा जुन्या बाजारात दिसतो. तो रॉ फाइल देत नाही, पण विहिरीसाठी चांगला आहे. आपल्याकडच्या विहिरींचं पाणी तलावापेक्षा कितीतरी निवळ असतं आणि दोर सोडला की १० मीटर सहज होतात. खोलीच्या आकड्याला तिथे खरोखर अर्थ आहे.

सोनीचा आरएक्स १०० सारखा कॅमेरा वेगळ्या हाऊसिंगमध्ये घालून वापरणं हा तिसरा रस्ता. त्याचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे टीजीच्या चौपट क्षेत्रफळाचा, आणि फोटो त्या मानाने फारच सुरेख. पण रुंद टोकालाच तो ५ सेंटीमीटरवर फोकस होतो, झूम केला की हे अंतर वाढतं, आणि हाऊसिंगची जागा त्यातून आणखी खाते. बारीक जिवांसाठी मग हाऊसिंगच्या पुढे बाहेरून क्लोजअप वेट लेन्स (पाण्यात लावायची जोडलेन्स) लावावी लागते. ती पाण्याखालीच चढवावी-उतरवावी लागते आणि मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की फोटोचा निम्मा भाग धूसर होतो. खर्च, वजन आणि काळजी, तिन्ही वाढतात. पहिला कॅमेरा म्हणून हा नको.

गोप्रोसारखे ॲक्शन कॅमेरे १० मीटरपर्यंत हाऊसिंगशिवाय चालतात, पण त्यांचं फोकस पक्कं बांधलेलं असतं आणि साधारण फूटभराच्या आतलं धूसर येतं. निवळ पाण्यात माशांच्या थव्याचा व्हिडिओ काढायला उत्तम, बोडीतल्या झिंग्याच्या फोटोला नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. फोनवरचा आयपी ६८ हा पाणी-धूळरोधकतेचा शिक्का प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्याचा असतो. गाळाच्या पाण्याची हमी तो देत नाही आणि फोन जुना होत गेला की सील ढिलं पडतं. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये टचस्क्रीन पाण्याखाली चालत नाही, फोटो आवाजाच्या बटणाने काढावा लागतो. हौस म्हणून करून बघायला हरकत नाही, पण हजारो रुपयांचा फोन त्यात घालताना विचार करा.

पाणी आत का शिरतं

पाण्याचा दाब इथे क्वचितच दोषी असतो. दर १० मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. दोन मीटरवर तो एक पंचमांशच. पाणी शिरतं ते सीलवर राहिलेल्या एखाद्या केसामुळे, वाळूच्या कणामुळे किंवा अर्धवट बंद झालेल्या दारामुळे. टीजीच्या दारांना दोन-दोन कुलपं आहेत, दुसरं लावायचं राहून जातं. बॅटरी आणि कार्ड घरीच, पंखा बंद करून भरा. सील बोटाने नव्हे, कोरड्या मऊ कापडाने, लिंट न सुटणाऱ्या, पुसा. अल्कोहोल, पेट्रोल, साबण लावू नका. ग्रीस वेगळ्या हाऊसिंगच्या ओ-रिंगला (रबरी गोल सीलला) लावतात, तीही हाऊसिंगसोबत आलेलीच आणि अगदी पुसट. कॅमेऱ्याच्या दाराच्या सीलला काय चालतं ते त्याच्या पुस्तिकेत बघा. सील कंपनीकडून वर्षातून एकदा बदलून घ्यायचं असतं. कॅमेरा दगडावर पडला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी पाण्याची हमी संपली असं समजा.

विदर्भात उन्हाळा हा सीलचा दुसरा शत्रू. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच वापरायचे असतात आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे सावलीतच त्याच्या पुढे पारा जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका. तापलेला कॅमेरा थंड पाण्यात बुडवला की आतल्या हवेतला ओलावा लेन्सच्या काचेवर आतून दव होऊन बसतो आणि तो दिवस वाया जातो. दारं कोरड्या हवेत बंद केली तर आत ओलावाच कमी असतो. कूलरसमोर बसून बॅटरी बदलू नका, कूलरची हवा ओली असते. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

बांबू, बोल्ट आणि दोरी

पोहता येत नसेल तरी अडत नाही. दोन-अडीच मीटरच्या बांबूच्या टोकाला कॅमेरा बसवला की पाळीवरूनच, म्हणजे तलावाच्या बांधावरूनच, काम होतं. कॅमेऱ्याच्या तळाचं भोक पाव इंची, इंचाला २० आट्यांचं असतं. हार्डवेअरच्या दुकानात ६ मिलिमीटरचा बोल्ट पुढे करतात. तो बसल्यासारखा वाटतो आणि कॅमेऱ्याचे आटे कापून टाकतो. पाव इंची बोल्टच घ्या, आणि आत ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ नये म्हणून वॉशर घाला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला वेगळी दोरी बांधून तिचं दुसरं टोक मनगटाला ठेवा. हे कॅमेरे पाण्यात बुडतात. हातात धरून काढणार असाल तर तरंगणारा, केशरी रंगाचा पट्टा लावा.

बांबूवर कॅमेरा असताना फोनवरून तो चालवता येईल, असं गृहीत धरू नका. वाय-फायची लहर पाण्यात काही सेंटीमीटरमध्येच विरते. टीजीमध्ये ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो घेण्याची सोय आहे, ती ५ सेकंदांवर लावा. नाहीतर फोरके व्हिडिओ चालू करून सोडा. त्यातून काढलेली एक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, मोबाइलवर बघायला आणि छोट्या छपाईला पुरेशी. बांबू खोवला की दहा मिनिटं हलवू नका. गाळ बसू द्या, पळालेली पिल्लं परत येऊ द्या. मरळीची नारिंगी-लाल पिल्लं पावसाळ्यात थव्याने वर येतात आणि आई-बाप खालून राखण करतात. तिथे बांबू थव्याच्या बाजूला, दूर खोवा. थवा पांगला की दुसरे मासे पिल्लं खातात.

पाण्यात उतरायचं असेल तर एकट्याने नको, आणि लाइफ जॅकेटशिवाय नको. शिंगाड्याच्या वेलीत आणि हायड्रिलाच्या गुंत्यात पाय अडकतात, खाली गाळ मांडीपर्यंत असू शकतो. तलाव मत्स्य सहकारी संस्थेच्या लीजवर असतो, आधी विचारा. ताडोबा, नवेगाव-नागझिऱ्यासारख्या राखीव जंगलांतल्या तलावांत वनविभागाच्या परवानगीशिवाय बांबूही घालायचा नाही. लोणारचं पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे, शिवाय ते अभयारण्य आहे. तिथे कॅमेरा बुडवायचा विचार सोडा.

काम झाल्यावर दारं लगेच उघडू नका. बादलीभर स्वच्छ पाण्यात कॅमेरा दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं चार-पाच वेळा दाबा, म्हणजे फटीतली काळी माती निघते. नळाची जोरदार धार त्यावर सोडू नका. मग पुसून सावलीत वाळवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच दार उघडा.

जुना कॅमेरा विकत घेताना बॅटरीच्या खोबणीत हिरवट किंवा पांढरा थर, गंजलेले स्क्रू आणि लेन्सच्या आत धुरकटपणा बघा. यातलं एकही असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. सगळं ठीक दिसलं तरी पहिल्यांदा दोन फूट पाण्याच्या टाक्यात अर्धा तास ठेवून बघा. त्याआधी बॅटरी आणि कार्ड काढून त्यांच्या जागी पातळ टिश्यूचा तुकडा घाला. टिश्यू ओला निघाला तर सील बदलल्याशिवाय तलावावर नेऊ नका.

आणि पाणी शिरलंच, तर कॅमेरा लगेच बंद करा. परत चालू होतो का ते बघायला बटण दाबू नका. शॉर्ट सर्किट तेव्हाच होतं. बाहेरून पुसून बॅटरी आणि कार्ड काढा, दारं खाली तोंड करून उघडी ठेवा आणि पंख्याच्या वाऱ्यात राहू द्या. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं नको. धानाच्या कोठीत किंवा तांदळाच्या डब्यातही पुरू नका: तांदूळ कॅमेऱ्यातला ओलावा फारसा ओढत नाही, पण त्याची भुकटी फटीत जाऊन बसते. त्यानंतर जितक्या लवकर होईल तितकं सर्व्हिस सेंटरला न्या. कार्ड मात्र पूर्ण वाळवून, दोन दिवसांनी दुसऱ्या रीडरमध्ये लावून बघा. कॅमेरा गेला तरी फोटो बहुतेक वेळा शाबूत मिळतात.